अल्बममधली सावली

साकोली

गुड्डी बेटा,

तू अन् तुझी आई घर सोडून गेल्या, पण तुझे लहानपणचे फोटो माझ्या स्टुडिओतच राहिले. तुझ्या लग्नासाठी आईनं त्यांचाच अल्बम मागवला. निरोपात बजावलं, "तुमचा फोटो एकही नको." मले हसू आलं. कॅमेरा माझ्याच हातात, तर माझा फोटो काढणार कोण?

आता कॉम्प्युटरवर पानं लावून राहिलो. एकोडीच्या तलावाच्या पारीवर, बांधावर, तू उभी आहे, अन् माझी लंबी सावली, कॅमेरा धरल्यानं कोपरं बाहेर निघालेली, तुझ्या पायापर्यंत आली आहे. गिऱ्हाइकांच्या फोटोतली अशी सावली मी क्रॉप करतो. ही ठेवली.

अल्बम उद्या पाठवतो, हे पत्र मात्र नाही पाठवत. आईनं विचारलंच, तर झाडाची आहे म्हणून सांगजो.

तुझा बाबा