पाठ शेकणारं माणूस

वरोरा, मंगळवार, दिवेलागण

दवाखान्यातल्या पाठदुखीच्या वर्गाला आज प्रत्येकाने घरचं माणूस आणलं होतं. गरम वीट फडक्यात गुंडाळून पाठ कशी शेकायची, ते शिकायला. मी एकटाच.

"भाऊ, तुमचं कोणी काऊन नाई आलं?" नर्सबाई.

"माझ्या जिभेला भिऊन पळाले, बाई."

सगळे हसले. माझ्यासारखाच पाठीने मोडलेला अब्दुल शिंपी तेवढा हसला नाही. म्हणाला, "माह्या घरी येत जा. बायको मले शेकते, मी तुमाले शेकून देईन."

आणि मी काय म्हणावं? "नको, तुम्ही पाठीला अस्तर लावाल!" पुन्हा हशा. कशाला बोललो?

घरी वीट खाटेवर ठेवून तिच्यावर पडलो. दुखतं ती जागा विटेच्या जरा वरच राहिली. हात पोचेना.

वीट गार झाली. अब्दुलचं घर तसं लांब नाही.