तिसऱ्या फटक्याचा निकाल

३ मार्च, सोमवार. दुपारी ४
निकाल लागला. तळमजल्यावरची शिवणवाली सुटली. निर्दोष! स्वसंरक्षण म्हणे.
शिलाई मशीन दुरुस्त करणारा तो माणूस भरदुपारी तिच्या खोलीत शिरला, आतून कडी लावली, हिने इस्त्री उचलून डोक्यात घातली. हे सगळं मला मान्य. पण एकदा नाही, तीनदा! माणूस जागच्या जागी गेला. पहिला फटका ठीक. दुसराही एक वेळ घाबरून बसला म्हणू. तिसरा हा रागाचाच. मॅट्रिकला गणितात मला बहात्तर मार्क होते, फटके मोजायला मला कोणी शिकवू नये.
शिसारी आली नुसती.
आणि मी साक्ष दिलेली असताना! दुपारी इमारतीत सगळे कामावर, मी तिच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर एकटी, म्हणून साक्षीदारही मीच एकटी. सरकारी वकिलांनी मला जपाच्या वहीसकट बोलावलं होतं. माळ किती वाजता सुरू, किती वाजता संपली, मध्ये व्यत्यय कसला, सगळं मी मिनिटाबरहुकूम लिहिते. वकील म्हणाले होते, बाई, असा साक्षीदार नशिबाने मिळतो. तरी न्यायाधीशांनी माझं ऐकलं नाही.
संकल्प : या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. ज्याचं माप त्याच्या पदरात घालायला देव आहे.

३ मार्च. संध्याकाळी ७
मीठ आणायला गेले होते. दीड तास लागला. मी काही बोलले नाही, लोकांचे गैरसमज तेवढे दूर केले.

४ मार्च, मंगळवार
फाटकाशी ही गर्दी. एकीकडे बायका बोर्ड घेऊन उभ्या, चॉकलेटं वाटताहेत. माणूस मेल्याचं चॉकलेट! दुसरीकडे काही पुरुष ‘खुनी बाई, खुनी बाई’ करून घसा फोडताहेत. त्यांतल्या एकाला तिचं नावही माहीत नव्हतं, मलाच विचारलं. कॉलेजच्या पोरी तिच्या दाराच्या कुलपासोबत फोटो काढतात. एकीने मला जरा बाजूला व्हा म्हणून सांगितलं. माझ्याच इमारतीत!
कोपऱ्यावरच्या दुकानदाराने काउंटरवर इस्त्र्या मांडल्यात. गिऱ्हाईक विचारतं, जड आहे का हो? हा म्हणतो, तीन फटक्यांची गॅरंटी. आणि सगळे खो खो हसतात. लाजलज्जा कोळून प्यालेत. मीही हसले, पण ते अनवधानाने.
चॉकलेटं दोन घेतली. निषेध म्हणून खाल्ली नाहीत. डब्यात ठेवली आहेत, पाहुण्यांना होतील.

५ मार्च, बुधवार. रात्री ११
नुसतं चिडून काय उपयोग? हिशेब हवा. जुन्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. निकाल पटला ते नावे, न पटला ते जमा.
दुसऱ्या मजल्यावरचे, गेल्या वर्षी रिटायर झालेले मास्तर कोणत्याच रकान्यात जाईनात. म्हणाले, चौसष्ट पानी निकाल आहे, मी छापून आणलाय, आधी वाचा तरी. मी म्हटलं, मास्तर, मी प्रत्यक्ष कोर्टात उभी राहिलेली बाई, मला छापील काय वाचायचंय? ते म्हणाले, तुम्हीच वाचायला हवा. हल्ली त्यांचा स्वभाव कडवट झालाय.
रात्रीच्या जेवणाला यांना विचारलं, तुम्हाला कुठे लिहू? म्हणाले, आमटी वाढ आणि कुठेही लिही. जमेत लिहिलं.

६ मार्च, गुरुवार
बातमी पक्की. रविवारी ती परत येणार. दोन वर्षं तुरुंगात होती. तिची खोली सोसायटीच्या मालकीची, भाडेकरार शनिवारच्या मीटिंगमध्ये नवा करायचा की नाही ते ठरणार. करार झाला नाही तर ती कुठे जाणार, असं समोरची हळहळत होती. माहेरची दारं बंद, सासर कधीच सुटलेलं, मशीन आणि धंदा सगळं या एका खोलीत. मी म्हटलं, देवाची दुनिया मोठी आहे.
करार होऊ द्यायचा नाही, असा अर्ज करायचं ठरवलं. वैयक्तिक राग अजिबात नाही. इमारतीच्या पावित्र्याचा प्रश्न आहे.
संध्याकाळी अर्ज लिहिला. अक्षर मोत्यासारखं आलं. नवा कागद कशाला वाया घालवा, सोसायटीच्या नोटीस वहीतच लिहिला. नाहीतरी ती वही दारोदार फिरतेच.

७ मार्च, शुक्रवार
चोवीस घरांपैकी तेवीस घरांच्या सह्या! मास्तर सोडून सगळे. कुणी एक प्रश्न विचारला नाही. दार उघडलं, सही केली, दार लावलं. एकाने तर फोनवर बोलता बोलता केली. एवढी एकी या इमारतीत पाण्याच्या टाकीच्या वेळीही दिसली नव्हती. डोळे भरून आले. जपाच्या दोन माळा जास्त केल्या.
उद्या चार शब्द बोलावे लागतील. समारोपाला काय घ्यावं?

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६
डोकं दुखतंय, थोडक्यात लिहिते.
सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि एकच गलका. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, हे कधी ठरलं? मी म्हटलं, सही तुमचीच आहे. ते म्हणाले, वहिनी, नोटीस वही आली की सही करायची, एवढंच आम्हाला ठाऊक, आत काय असतं ते कोण वाचतो? बाकीच्यांनी माना डोलावल्या. समोरची म्हणाली, मला वाटलं लिफ्ट बंद राहणार आहे. स्वतः सेक्रेटरींनी दोनदा सही केली होती.
इथवर ठीक होतं. मग मास्तर उठले. चष्मा पुसला, निकालाचं एकेचाळिसावं पान काढलं आणि वर्गात वाचावं तसं सावकाश वाचलं. मी ते उतरवून घेतलं, माझ्याविषयी असल्यामुळे :
‘पहिल्या मजल्यावरील साक्षीदार गृहिणीच्या वहीतील नोंद निर्विवाद आहे. आरोपीचे ‘वाचवा, वाचवा’ हे ओरडणे दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाले व दोन वाजून एकवीस मिनिटांनी थांबले. या अकरा मिनिटांत मदतीस कोणीही आले नाही. आता कोणी येणार नाही, अशी आरोपीची खात्री पटणे स्वाभाविक होते. सबब तिसरा फटकाही स्वसंरक्षणार्थच होता.’
सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कुणीतरी हसायला हवं होतं. मागून कोणीतरी विचारलं, वहिनी, एक जिना उतरायला किती मिनिटं लागतात हो? मी स्वच्छ सांगितलं की माळ अर्ध्यात सोडता येत नाही. आणि मी दखल घेतली नाही असंही नाही. व्यत्ययाच्या रकान्यात लिहिलं ना लगेच!
करार मंजूर. चोवीस घरांचे हात वर, विरुद्ध मी एकटी. यांचाही हात वर होता, तिच्या बाजूने. मी पाहिलं नाही असं दाखवलं.
कोर्टाने माझी वही ‘निर्विवाद’ म्हटली, याचं मात्र कुणाला काही नाही.

९ मार्च, रविवार. दुपारी ३
ती आली. वाळून काडी झालीय. सकाळभर खाली खराट्याचा आवाज. दुपारी माझं दार वाजलं. काय काय उत्तरं द्यायची ते मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं.
आत ये म्हटलं तर आली नाही. चपलाही काढल्या नाहीत. म्हणाली, ताई, तुमच्या वहीने वाचवलं मला. मी म्हटलं, अगं, मी कोण, सगळं वरच्याच्या हातात.
तिने मान हलवली. मग विचारलं, त्या दुपारी जप कसला करत होतात?
हे मी ठरवलेल्यात नव्हतं. मी म्हटलं, नेहमीचाच. सर्वांच्या रक्षणाचा.
बरं म्हणाली आणि खाली गेली. अर्धं मिनिट लागलं. मशीन सुरू झाल्याचं इथवर स्पष्ट ऐकू आलं.
संकल्प : उद्यापासून जप पहाटे पाचला. दुपारी खालून फार आवाज येतो.