खालचं गार पाणी

कोची, २ ऑक्टोबर

तीर्थरूप नाना,

कोचीच्या धक्क्यावरून निकिताचा नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आमचं संशोधनाचं जहाज कालच बंदराला लागलं. मी मजेत आहे, फक्त रोजच्या भाताला कंटाळले.

मागच्या वर्षी वादळाच्या बातमीने तुम्ही द्राक्षाची छाटणी लांबवली आणि ते वादळ समुद्रातच विरलं. "का विरलं ते बघून सांग," म्हणाला होतात ना?

वादळ कोमट पाण्यावर पोसतं. पण एका जागी रेंगाळलं की ते समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी स्वतःच वर ओढतं आणि त्याचा जोर जातो. हे कळलं तेव्हा मला आपली विहीर आठवली. पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधून मी एकाच जागी पाय झाडायचे आणि पायरीवरून तुम्ही ओरडायचात, "निके, पुढं सरक! खालचं गार पाणी वर येतंय, कुडकुडशील!" उत्तर तुमच्याचकडे होतं, नाना.

आम्ही तापमापक दोराने खोल सोडतो. या खेपेला ऐंशी मीटरपर्यंत कोमटच लागलं. एवढा जाड थर असला की कितीही घुसळलं तरी वर कोमटच येतं, आणि वादळ थकत नाही.

सध्या मात्र आभाळ स्वच्छ आहे. छाटणी कधी धरताय? आईची टाच दुखायची थांबली का?

परवा आम्ही पुन्हा समुद्रात निघतोय. आईला पत्र विहिरीच्या आठवणीपर्यंतच वाचून दाखवा.

तुमची,
निकिता