मिटलेला पंजा

३ जून
टोपी तिसऱ्यांदा बसवली तेव्हा कुठे चोवीसच्या चोवीस दिवे कातडीला टेकले. नोकरीचा पहिलाच दिवस, पण खोली आवडली: मोठी खिडकी, पांढरा ओटा, चहाची किटली. खुर्चीतला माणूस सुतार होता. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला. आता पापणीही हलत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. टोपीतला उजेड कवटीतून आत जातो आणि मेंदूत रक्त कुठे धावलं ते दाखवतो. ‘हो’ म्हणायचं तर त्याने मनात एक ठरलेलं काम करायचं, ‘नाही’ म्हणायचं तर स्वस्थ राहायचं.

त्याची बायको रोज येते म्हणे. मला भाऊ म्हणते. ओट्यावरचा यांत्रिक हात पाहून म्हणाली, पूर्वी घरात यांचाच हात चालायचा, आता तुम्ही चालवा. सगळे हसलो. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

९ जून
शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं: पडद्यावरची रेघ सपाट. मनात गाणं म्हणायला सांगितलं: सपाट. प्रयोग चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, सुताराला पाढे कसले सांगता, हाताचं काम द्या. मी त्याला म्हटलं, हातोडा आठवा. सहा सेकंदांत रेघ अशी चढली की मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली.

१६ जून
यांत्रिक हात जोडला. ‘हो’ जितका जोरकस तितकी पकड घट्ट. आज त्याने पेला तोंडाशी आणला. तेवढ्यात वीज गेली आणि पंजा उघडून पाणी सांडलं. मी सुचवलं, वीज गेली तरी पंजा मिटलेलाच राहू दे. संध्याकाळपर्यंत तशी खीळ बसवलीसुद्धा. शाबासकी मिळाली.

२१ जून
बायकोने विचारलं, मी इथे बसलेली आवडते का. हो. रेघ पडद्याबाहेर गेली. ती रडली.

ती औषध आणायला गेल्यावर त्याला सहज विचारलं, हातोड्याने काय ठोकता. मी एकेक अक्षर वाचायचं, त्याने हो म्हणायचं. पाऊण तास लागला.

खिळा नाही. ती.

२२ जून
मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, विचाराने कुणी मरत नाही. नवं काम शिकवायचं तर तीन आठवडे पाण्यात, आणि परवा पाहुणे येणार. मग बायकोलाही सांगितलं. ती डावा कान चोळत राहिली.

“भाऊ, मला काय माहीत नाही? पण आता त्यांना करता काय येतंय?”

२४ जून
पाहुणे. पेला उचलला. टाळ्या. ती हनुवटी पुसायला वाकली — पंजाने पेला सोडला — मान —

मी सहा सेकंद मोजत उभा. रेघ उतरायला तेवढे लागतात. उतरेना. चढतच —

हाताची वायर उपटली.

पंजा मिटलेलाच. खीळ मीच — तिच्या टाचा फरशीवर — मॅडम पक्कड शोधताहेत — ओली फांदी मोडावी तसा आवाज —

२५ जून
पोलिसांनी सकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग लोखंड कापणारा माणूस आला. त्याने पंजा तीन ठिकाणी कापून तिला सोडवलं. फरशी धुतली. मॅडम म्हणाल्या, त्याला वाईट वाटतंय का, तेवढं नोंदवून घ्या, आणि निघून गेल्या. टोपी बसवली. चोवीसच्या चोवीस दिवे पहिल्याच खेपेला टेकले. विचारलं. रेघ सपाट.

पुढे मी काही विचारलेलं नाही. तरी रेघ चढते आहे. खोलीत त्याच्यासमोर मी एकटाच —