साहेबांना खाली उतरवलं

अण्णा, तुमच्या साहेबांना मी रिक्षातून खाली उतरवलं. स्वारगेटला, भर स्टँडवर, सगळ्यांसमोर. तुम्ही असता तर माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

तुमचा त्यांच्यावर किती जीव होता ते मी पाहिलंय. तेव्हा ते साधे नगरसेवक. वस्तीत नळ आला त्या संध्याकाळी ते आपल्या स्वयंपाकघरात मांडी घालून पिठलं-भाकरी खातायत, आई वाढतेय, आणि तुम्ही जेवायचं सोडून दारात उभे. पुढे प्रत्येक मतदानाला तुम्ही रिक्षाचा धंदा बंद ठेवून म्हाताऱ्यांना केंद्रावर पोचवलंत. कॉलेजात असताना मी एकदा म्हटलं, "पाणीपट्टी तर आपणच भरतो. मग साहेबांचं त्यात काय?" तुम्ही ताट सरकवलंत. "तुझ्या आईच्या डोक्यावरचा हंडा ज्यानं उतरवला, त्याच्याबद्दल असं बोलायचं नाही." मी ताट परत तुमच्यापुढे ओढलं. आईची मान रात्रभर दुखायची, हे मलाही माहीत होतं.

आता तुमच्या परमिटवर रिक्षा मी चालवते. गेल्या वर्षी माझा हात मोडला, रिक्षा दारात उभी राहिली आणि त्यातच पासिंगची, म्हणजे गाडीच्या तपासणीची, मुदत संपली. उशिराला सरकारनं रोजचा दंड लावलाय, हे मला आरटीओच्या खिडकीवर कळलं. गाडी जागची हललेली नसली तरी दंड चालूच. खिडकीतला माणूस म्हणाला, "ताई, नियम मी केलेला नाही." मंगळसूत्र गहाण ठेवून दंड भरला. तो कर, ही फी, असं वर्षभर भरतच असतो आम्ही; पण बंद गाडीचा दंड मनात रुतून बसला.

साहेब आता आमदार. प्रचाराला स्टँडवर आले, फोटोसाठी नेमके माझ्याच रिक्षात बसले. "अण्णांची मुलगी ना तू? चल, फेरी मार!" कार्यकर्त्यांनी मोबाइल वर धरले. मी चावी फिरवली नाही. मागे वळून विचारलं, "साहेब, बंद गाडीचा दंड कोणी लावला?"

"तो वरून आला."

"मग तुम्ही कुठून आलात?"

कोणी हसलं नाही. आमचा स्टँडप्रमुख डोळ्यांनी मला दटावत होता. स्टँड हलवायला साहेबांचा एक फोन पुरतो, हे सगळ्यांना ठाऊक. साहेबांचा चेहरा उतरला. मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "सभागृहात मीपण हात वर केला होता. वाचलं नव्हतं मी."

मी चावी काढून घेतली, अण्णा. "उतरा," मी म्हणाले. ते उतरले. पायीच निघाले.

मग मतदानापर्यंतचे दिवस फार वाईट गेले. वाहतूक पोलिसाची शिट्टी वाजली की सगळे माझ्याकडे बघायचे. कोणी चहाला हाक मारत नव्हतं. पण स्टँड हलला नाही. दंडही तसाच आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच एवढं लिहितेय. स्टँडवर सगळ्यांना वाटतं, मी साहेबांना पाडायला निघाले होते. मत मी त्यांनाच दिलं. त्या दिवशी ते खोटं बोलले असते, तर दिलं नसतं.