पडली तर विकायची

१४ डिसेंबर, रविवार

पडली! पुन्हा पडली, आणि या वेळी देवीसमोर.

येरमाळ्यात चहाला थांबलो होतो. निघताना गाडीवर बसलो, स्टँड काढला, समोर येडेश्वरीचा डोंगर दिसला आणि सवयीनं दोन्ही हात जोडले. एसटीच्या खिडकीतून जोडलेत, सायकलीवरून जोडलेत, जुन्या शंभर सीसीवरूनही जोडलेत. पण ही दोनशे दहा किलोची. हँडल सुटलं, सगळा भार डाव्या पायावर आला, आणि डावा गुडघा ऑपरेशनचा — त्यानं साफ नकार दिला. गाडी सावकाश आडवी झाली. मी बाजूला उभा, हात अजून जोडलेलेच!

हॉटेलातली तिघं धावली, त्यांनी उचलली. क्लचचा दांडा वाकला, आरसा गेला, टाकीला पोचा. एक जण म्हणाला, "गुरुजी, लोटांगण तुम्ही घालायचं असतंय, गाडीनं न्हाय."

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. प्रतीक्षा रागावली नाही, म्हणजे गंभीर आहे. भाकरी थापता थापता म्हणाली, अंगणात एकदा झालं, आज दुसऱ्यांदा. आता अजून एकदा पडली की विकायची. मी हो म्हणालो. तव्यासमोर बसलेल्या बायकोला आणखी काय म्हणणार?

१५ डिसेंबर

हो कशाला म्हणालो!

लहानपणी वडिलांच्या, अण्णांच्या, मेंढरांमागं चाललो. नोकरी लागली ती घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेत, तिथंही चालतच जातो. सत्तेचाळीस वर्षांत एक गोष्ट हौसेनं घेतली. आठवडाभर दारात उभी असते, रविवारी मी आणि ती. विकायची नाही. म्हणजे पडू द्यायची नाही.

१७ डिसेंबर

कळंबच्या मिस्त्रीकडून दोन्ही बाजूंना जाड नळीचे गार्ड बसवून घेतले. हँडलवर हँडगार्ड. आता पडलीच तर आधी गार्ड टेकणार, टाकी नाही. तरी पडायची नाहीच.

आईचा मिस्त्रीवर विश्वास नाही. तिनं पुढं बिब्बा बांधला आणि टाकीवर अण्णांचं जुनं घोंगडं गुंडाळून वर सुतळी आवळली. गाडी ताप आलेल्या माणसासारखी दिसते. काढायची माझी हिंमत नाही.

१९ डिसेंबर, येळवस (वेळ अमावस्या)

आज वाचलो.

दरवर्षीसारखे सगळे रानात. कडब्याचं खोपटं, म्हणजे कोप, कोपीत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकाची आंबिल. मी शहाणा गाडी घेऊन गेलो, बांधाशेजारी लावली. हरभऱ्याला परवाच पाणी दिलेलं, मीच दिलेलं, आणि तेच विसरलो. काळं रान! आंबिलीचा दुसरा तांब्या तोंडाला लावला तेवढ्यात आई ओरडली. बघतो तर स्टँड मातीत रुतत चाललेला आणि गाडी कलतेय.

पळालो आणि पाठ लावली. गाडी थांबली, पण आता मीही अडकलो. सोडली की पडणार, आणि उभी करायला गुडघ्यात जोर नाही. दगड आणा म्हणून ओरडलो. काळ्या रानात दगड कुठला? भाऊबंद हातातले उंडे घेऊन इकडंतिकडं बघत राहिले. प्रतीक्षा उठली. कोपीत वाकली, पाचातला एक पांडव उचलून आणला आणि स्टँडखाली सरकवला. मग चौघांनी मिळून गाडी सरळ केली.

पूजेतला देव गाडीखाली! मी आईकडं बघेना. आईनं दगड धुतला, पुन्हा हळदीकुंकू लावलं, जागेवर ठेवला आणि म्हणाली, "भीमच आला असंल हातात. दुसऱ्याला पेललं नसतं."

परत येताना प्रतीक्षाला भीत भीत विचारलं, हे मोजायचं का?

"कलली. पडली न्हाय," ती म्हणाली.

वर्षातली सगळ्यात गोड आंबिल.

२१ डिसेंबर, रविवार

स्टँडला खाली रुंद काहीतरी हवं, म्हणून खाजाभाईंकडं गेलो. सडकेच्या कडेला लिंबाखाली बैलांच्या खुरांना पत्र्या, म्हणजे नाल, मारतात. अण्णांच्या ओळखीचे, सत्तरीचे. बैल कमी झाले, आता गिऱ्हाईक आठवड्याला दोन-तीन. त्यांनी स्टँड बघितला, हसले. बैलाचा खूर झिजू नये म्हणून पत्री, गाडीचा रुतू नये म्हणून पत्री, काम तेच, म्हणाले. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून तळहाताएवढी लोखंडी पट्टी लावून घेतली.

तेवढ्यात एक बैल आला. पत्री मारायची तर बैल आधी आडवा पाडावा लागतो. लहानपणी बघितलं होतं, आज नीट बघितलं. खाली उसाचं पाचट अंथरलं, शिंगाखाली पोतं. कासरा पोटाभोवती असा काही घेतला आणि ओढला की एवढं जनावर खाली बसलं आणि कुशीवर झालं. कुठं खरचटलं नाही.

मी म्हणालो, माझी पण अशी पडली असती तर! ते खिळे तोंडात धरून ऐकत होते. खिळे काढले आणि म्हणाले, "गुरुजी, पडू नये पडू नये करत बसला तर लई जोरात पडंल. पाडायची कशी अन् उचलायची कशी ते शिका. मग भ्याव न्हाय ऱ्हात."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मी गेला आठवडाभर गाडीला लोखंड लावतोय, आणि चूक करतो मी. पडताना तिला धरून ठेवायला जातो, तिथंच गुडघाही जातो आणि गाडीही.

२८ डिसेंबर, रविवार

आपण मुद्दाम आडवी केली तर ते पडणं नव्हे. हे मी माझं मी ठरवलं. घरात विचारलं नाही.

गोठ्यामागं पाचट टाकलं. खाजाभाई स्वतः आले. कलली की भांडायचं नाही — हँडल धरून खाली जाऊ द्यायची आणि पाय काढून बाजूला व्हायचं. पहिल्यांदा डोळे मिटूनच सोडली. गाडी गार्डवर टेकली, नळीवर ओरखडा, बाकी काही नाही. घोंगडंसुद्धा जागेवर!

उचलणं अवघड. गाडीकडं पाठ करायची, बुड सीटला टेकवायचं, एका हातानं हँडल, एका हातानं मागचा दांडा, आणि बारीक पावलं टाकत मागं सरकायचं. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. तीनदा जमलं नाही. चौथ्यांदा उभी राहिली! खाजाभाई म्हणाले, गाडी स्टँडच्या उलट्या बाजूला पडली आणि स्टँड उघडा असेल तर आणखी सोपं, उभी झाली की आपोआप स्टँडवर बसते. माझी डावीकडं पडते, स्टँडही डावीकडं, म्हणजे माझ्या नशिबी ते नाही.

प्रतीक्षा मागच्या दारातून बघत होती. किती वेळ, माहीत नाही. खाजाभाईंना चहा दिला, मला विचारलंही नाही.

२ जानेवारी

शाळेत जिना चढताना गुडघा दुखला नाही. बहुतेक गाडी उचलून सुधारला.

११ जानेवारी, रविवार

तुळजापूरहून येताना पडली. खरोखर.

वळणावर बस येतेय म्हणून थांबलो, डाव्या पायाखाली मुरूम सरकला. धरली नाही. जाऊ दिली, बाजूला झालो. गार्ड टेकला. पाठ लावली, पावलं टाकली, उभी! कोणी मदतीला यायच्या आत. आरसा शाबूत, टाकी शाबूत, गुडघा शाबूत. रस्त्यावर एकटाच हसत उभा होतो. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग आठवलं. तिसरी वेळ.

१२ जानेवारी

डाव्या गार्डच्या ओरखड्यावर काळा रंग मारला. पोरांना रोज खरं बोला म्हणून सांगतो. शरम वाटली.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ हातात घेतला आणि सांगून टाकलं. पडली, रविवारी, तुळजापूरच्या वाटेवर. रंगाचंही सांगितलं.

तिनं आधी माझा गुडघा दाबून बघितला. लागलं का? नाही. कोणी उचलली? मी. एकट्यानं? एकट्यानं. मग म्हणाली, बघू, आणि वाण घेऊन शेजारी गेली.

बघू म्हणजे विकायची. कबूल केलं होतं, तेव्हा विकायची. पण मन मोकळं झालं, हे खरं. उद्या धुऊन फोटो काढतो.

१५ जानेवारी, संक्रांतीची कर

धुताना उजव्या गार्डवर ओरखडे दिसले. चार-पाच, फटींत पाचट अडकलेलं. मी तर नेहमी डावीकडं पडतो.

प्रतीक्षाला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "तुम्ही शाळेत गेल्यावर मी पाडत होते. स्टँडवरनं पलीकडं ढकलायची अन् उचलायची. खाजाभाईंनी शिकवलं. तुमच्या अंगावर पडली तर मला काढता याया पायजे का न्हाय?"

मग म्हणाली, विकायची कशाला, आता उचलता येतीय मला.