दाराआडचं माणूस

आब, २०

दार आलं! हनामेल सुताराने दोन गाढवांच्या मधे आडवं बांधून आणलं, सगळी गल्ली अडली. उंबराचं आहे, चांगलं जाड, आणि त्यात हात जाईल एवढं एक भोक. भोक पाहून सासूबाई म्हणाल्या, "फाटकं दार घेतलंस होय रे एलासा?"

एलासा म्हणजे आमचे हे. यरुशलेमला एका तेलवाल्याच्या घराला ह्यांनी असलं कुलूप पाहिलं, तेव्हापासून डोक्यात तेच. दाराच्या आतल्या बाजूला एक सरकता दांडा, त्याला अडवणाऱ्या खुंट्या. बाहेरून भोकात हात घालायचा, हातभर लांब लाकडी किल्लीने खुंट्या वर रेटायच्या, की दांडा सरकतो. म्हणजे घर बाहेरून बंद करता येतं!

हे खूश आहेत ते चोरांची चांगली जिरवली म्हणून. मी खूश आहे ती वेगळ्या कारणाने. आजवर आमच्या दाराला नुसता अडसर — जैतुनाचा, माझ्या मांडीएवढा. तो लागतो आतूनच. म्हणजे आत कुणीतरी हवंच. आणि लग्न होऊन आल्यापासून ते 'कुणीतरी' म्हणजे मी! सणाला हे यरुशलेमला जातात, मुलगे जातात, सगळं गाव गात-वाजवत जातं. मी अडसर घालून बसते. मंदिर अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. दोन दिवसांची तर वाट!

आब, २१

लिहायला खापर सापडेना. माझी खापरांची टोपली सासूबाईंनी उकिरड्यावर नेऊन ठेवलेली. "फुटकी मडकी घरात ठेवतं का कुणी?" एकेक वेचून आणली. बाबांनी मला अक्षरं शिकवली, त्याचा ह्या घरात अजून कुणाला उपयोग कळलेला नाही. असो.

आब, २६

आज फार हसले. पोट दुखतंय अजून.

सकाळी पहिल्यांदाच कुलूप लावून पाण्याला गेले. किल्ली खांद्यावर टाकून, अगदी ह्यांच्यासारखी! घरी कुणी वाट पाहणारं नाही म्हटल्यावर विहिरीवर निवांत गप्पा मारल्या. परत येते तर दारात ही गर्दी. भर दिवसा बंद दार! आमच्याकडे दिवसा दार लागलं म्हणजे घरातलं कुणीतरी वारलं, दुसरा अर्थच नाही. माझी मैत्रीण तिर्सा खालच्या गल्लीतून एवढं मोठं पोट सावरत आलेली, आणि हुंदके देत होती. कुणीतरी डोक्यात मातीही घालून घेतली होती.

"कोण गं गेलं? महलथ गेली का?"

"हो ना, बिचारी. जीभ तिखट होती, पण मन चांगलं होतं हो."

आणि महलथ, म्हणजे आमच्या सासूबाई, गर्दीच्या मागे टाचा उंच करून उभ्या! शेजारी मसूर निवडायला गेल्या होत्या, गलबला ऐकून धावत आल्या. त्याही विचारताहेत, "अगं, कोण गेलं? सांगा की कुणीतरी!"

एलूल, ३

सासूबाई दारावर रुसल्या आहेत. येता-जाता एक तरी टोमणा. "चोर काय दारातून येतो? येऊन माझ्या पाया पडतो? मातीची भिंत फोडतो आणि शिरतो. तुझ्या किल्लीला विचारत बसत नाही." हे खरंच आहे. गेल्या वर्षी खालच्या गावात भिंतच फोडली होती.

पण आज भांडी घासताना दुसरंच काही बोलल्या. "अडसर आतल्या माणसाच्या हातात असतो, यमीमा. किल्ली बाहेरच्याच्या खांद्यावर. आत कुणी असलं तर त्याने काय करायचं?"

मी म्हटलं, "आत कुणी नसेलच ना सासूबाई, तीच तर मजा आहे."

"घराला माणूस लागतं," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. म्हाताऱ्या माणसांना नवं काही सोसत नाही. सोडून दिलं.

एलूल, १०

दिवसभर मळ्यात. सगळ्यांबरोबर! द्राक्षं तुडवायच्या हौदात उतरले, गुडघ्यापर्यंत लाल झाले. पाय पाहून हे म्हणाले, "अगं, कितीतरी वर्षांनी इतकी हसलीस." मी म्हटलं, "कितीतरी वर्षांनी घराबाहेर आहे." मग स्वतःच्या हाताने घड तोडून दिला मला.

एलूल, ११

कंबर धरली. पण गोड धरली आहे.

एलूल, १९

विचारलं! जेवताना सरळ विचारून टाकलं. "मांडवांच्या सणाला मी येऊ?"

ह्यांनी दाढी खाजवली. मी म्हटलं, "तुम्ही सणाला जाल तेव्हा तुमच्या भूमीचा कुणी लोभ धरणार नाही, असं देवानेच सांगितलंय ना? तुम्हीच दर वर्षी मोठ्याने म्हणून दाखवता. मग इतकी वर्षं मला कशाला राखणीला बसवलंत? त्याच्यावर विश्वास नव्हता का?"

मुलगे हसू दाबायला भांड्यात तोंड घालून बसले. हेही शेवटी हसले. "ये बाई. आता तर कुलूपही आहे." — येणार! मी येणार!

तिर्साला परवा मुलगी झाली. सासूबाईंचे गुडघे काही वाट चालायचे नाहीत, तेव्हा सणाचे दिवस त्या तिर्साकडे राहतील, बाळ-बाळंतीण पाहतील. मला वाटलं भांडतील. नुसतं "बरं" म्हणाल्या.

एलूल, २७

नवी ओढणी रंगवली. डाळिंबाच्या सालीचा पिवळा. जरा जास्तच पिवळा आला, राहू दे. आठवडी बाजारातून ह्यांनी आणखी तिघांना घरी आणून कुलूप दाखवलं. एक तर दूरचा, कोण ते आम्हालाही ठाऊक नाही.

तिश्री, ११

काल प्रायश्चित्ताचा उपास. आज वाईट झालं.

संध्याकाळी ह्यांचे मामेभाऊ आले. "बघू तुझं ते दार." झालं! हे किल्ली घेऊन पुढे. भोकात हात घातला, बोलता बोलता उलटा पीळ दिला — कडाड! किल्लीचे दोन दात आतच तुटले. दांडा धड पुढे नाही, धड मागे नाही. शेवटी ठोकून काढला तर त्याचेही दोन तुकडे. हनामेल तर आज पहाटेच यरुशलेमच्या वाटेला लागला.

परवा निघायचं आहे. बाहेरून दार लागत नाही. सासूबाईंनी तिर्साला शब्द दिलेला. कोपऱ्यात अडसर तसाच उभा.

मग हेच म्हणाले, माझ्याकडे न बघता, "पुढच्या वर्षी नक्की जाऊ, यमीमा. तुझी शपथ."

देवाच्या वचनाचं काय, असं विचारणार होते. पण घरात धान्य आहे, तेल आहे, नवा द्राक्षरस आहे. ते मलाही कळतं. ह्यांचा राग येतो आणि येतही नाही, हाच वैताग.

तिश्री, १२

ह्यांचं नि मुलांचं गाठोडं बांधलं. माझं सोडलं. ओढणी पेटीत तळाशी ठेवली. खूप रडले, गोठ्यात जाऊन, शेळीच्या अंगाला तोंड लावून. लहान मुलीसारखी! माझं वय काय!

सासूबाई आल्या होत्या मागे. विचारलं फक्त, "वाटेच्या भाकऱ्या कधी करणार आहेस?" मी म्हटलं, "पहाटे." म्हणाल्या, "मी करते. तू नीज."

तिश्री, १३

उठले तर अंगणात धूर. सासूबाई तंदूरापुढे बसलेल्या, गालावर पीठ. तंदूरात अडसर! एक टोक आत, बाकीचा अंगणात, जळेल तसा दोन्ही हातांनी आत ढकलताहेत. हे बाहेर येऊन ओरडले, "आई! अगं, आता दाराला काय लावायचं?"

"काही नाही," म्हणाल्या. "आता आत बसून कुणी काही लावू शकत नाही. तुझे वडीलही मला हाच अडसर देऊन जायचे. माझे पाय गेले त्याच्यामागे बसून. हिचे नको."

भाकरी हातात ठेवली, चटका बसला. ओढणी पेटीतून काढली. दार सताड उघडं आहे. निघतेय.